तिसरी मुलगी हरवते तेव्हा

"परत वाजली!" टकळी अर्धवट भरलेल्या बॅगेवरून टुणकन उठली. "आता ही कुठल्या तासाची? गणिताची की चित्रकलेची?"

"तुझ्या डोक्याची!" पहिलवान ओरडली. "बस खाली! बॅग दाबून धर, मी चेन ओढते."

वसतिगृहाच्या त्या लांबलचक खोलीत ओळीनं पलंग होते, पण गाद्या फक्त तीनच पलंगांवर उरल्या होत्या. बाकीच्या मुली सुट्टी लागली त्याच दिवशी आई-बाबांचे हात धरून पसार झाल्या होत्या. टकळी आणि पहिलवान या चुलत बहिणी. टकळीला टकळी का म्हणतात, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पहिलवान बास्केटबॉलच्या संघाची कप्तान, आणि तिच्यापुढे दारसुद्धा बुटकं वाटे. त्यांच्या घरचे गावाला गेले होते, ते चार दिवसांत न्यायला येणार होते.

तिसरी होती घुमी. तिचे बाबा बोटीवर इंजिनिअर, आणि आई तिला आठवतही नव्हती. दर सुट्टीत आत्या न्यायला यायची. यंदा आत्याला बाळ झालं होतं. "या खेपेला जरा अवघड आहे गं राणी," असं ती फोनवर म्हणाली, आणि घुमी "हो, चालेल" म्हणून मोकळी झाली. न चालून सांगते कोणाला! चार दिवसांनी या दोघीही गेल्या की मग ती आणि रिकामे पलंग.

घंटा पुन्हा वाजली. ट्रिंग... ट्रिंग ट्रिंग... ट्रिं.

घुमीनं कान टवकारले. "ही नेहमीसारखी नाही वाजत."

"बोलली! घुमी बोलली!" टकळीनं टाळ्या पिटल्या.

"नेहमीची लांबलचक वाजते," घुमी म्हणाली. "दर वेळी अगदी तेवढीच. ही मध्येच थांबते. सकाळी भराभर वाजत होती, आता कशीतरी वाजतेय. दमल्यासारखी. यंत्र कधी दमतं का गं?"

पहिलवानचा चेन ओढणारा हात तसाच राहिला.

त्या वर्षी शाळेत सगळं नवंच होतं. जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी नव्या मोठ्या बाई आल्या. पाठोपाठ नव्या रेक्टरबाई आणि नवे सुपरवायझर. मुली काय, टोपणनावं द्यायला बसलेल्याच! रेक्टरबाई उठल्यासुटल्या मुली मोजायच्या, म्हणून त्या मोजणीबाई. सुपरवायझरांनी आल्या आल्या दारादारांना नवी कुलपं बसवली, म्हणून ते कुलूपकाका. दार ओढलं की कुलूप आपोआप लागायचं, ते आतूनही चावीशिवाय उघडायचं नाही आणि चावी फक्त काकांकडे. जुनी पितळी घंटा काढून यंत्राची घंटा त्यांनीच आणली होती. तिचे कर्णे शाळेवर होते तसे वसतिगृहाच्या व्हरांड्यातही होते.

मोठ्या बाईंच्या वाट्याला मात्र टोपणनावसुद्धा आलं नव्हतं. त्यांच्याशी कोणी बोलेल तर ना! मोठ्या मुलींना जुन्या बाईंच्या आठवणीनं रडू फुटायचं, शिक्षिका "हो बाई, बरं बाई" करून सटकायच्या. संध्याकाळी मोठ्या बाई मैदानाच्या कडेनं एकट्याच फेऱ्या मारायच्या. घुमीला ते दिसायचं, कारण ती दुसऱ्या कडेनं एकटीच फेऱ्या मारायची.

आदल्या संध्याकाळी दोघी कोपऱ्यावर समोरासमोर आल्या होत्या.

"झोप लागते का गं इथं?" मोठ्या बाईंनी विचारलं होतं.

"लागते," घुमी म्हणाली. मग काय वाटलं कोण जाणे, ती पुढंही बोलली. "पण पहाटे घंटा वाजते. शाळेत कोणी नसतं, तरी प्रत्येक तासाला वाजते. मग आणखीच कसंतरी होतं."

मोठ्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या होत्या. "मलाही होतं," त्या म्हणाल्या. "उद्या बंदच करते ती."

हे सगळं घुमीनं एका दमात दोघींना सांगितलं. तिच्या तोंडून एवढे शब्द एकदम बाहेर पडलेले कोणी ऐकले नव्हते.

"म्हणजे मोठ्या बाई घंटा बंद करायला गेल्या..." पहिलवान हळूहळू म्हणाली.

"आणि मागे दार ओढलं गेलं!" टकळी किंचाळली. "कुलूप! आपोआप! बाप रे! आणि आज तर वाळवीचं औषध!"

दुपारी फवारणीची माणसं येणार होती. शाळेच्या इमारतीत औषध मारून आठवडाभर ती बंद ठेवायची होती. वसतिगृह शाळेला लागूनच, म्हणून तर या तिघींना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वसतिगृहात नेणार होते, आणि त्यासाठीच बॅगा!

तिघी धावतच खाली गेल्या. शाळेच्या मोठ्या दाराला कुलूप होतं. बाहेर कुलूपकाका चाव्यांचा जुडगा फिरवत उभे होते आणि मोजणीबाई बसच्या ड्रायव्हरला रस्ता समजावत होत्या.

"एक, दोन, तीन," मोजणीबाईंनी लगेच बोटं केली. "छान! बसा गाडीत."

"बाई, मोठ्या बाई कुठं आहेत?" घुमीनं विचारलं.

"रजेवर. सकाळीच गेल्या."

"तुम्ही बघितलं जाताना?"

"मी कशाला बघू? काकांनी बघितलं असेल."

"मी नाही," काका म्हणाले. "ड्रायव्हरनं सोडलं असेल."

"मी आत्ता येतोय!" ड्रायव्हर म्हणाला. "टॅक्सीनं गेल्या असतील."

ट्रिंग. ट्रिंग.

"ऐका! त्या आत अडकल्यात!" पहिलवान ओरडली. "काका, दार उघडा!"

"अगं, नवीन यंत्र आहे, करतं वेडेपणा," काका हसले. "आतून मी सगळं तपासलंय. दारातनं 'कोण आहे का' म्हणून ओरडलो, कोणी ओ दिली नाही."

मोजणीबाईंनी तेवढ्यापुरता मोठ्या बाईंना फोन लावला. घुमी पळत ऑफिसच्या खिडकीशी गेली आणि काचेला नाक लावून उभी राहिली. टेबलावर मोठ्या बाईंचा फोन होता. तो मुकाट्यानं उजळला आणि विझला. खुर्चीवर त्यांची पर्सही होती.

"बाई! फोन आत आहे! पर्सपण!"

"विसरल्या असतील. माणूसच आहे," मोजणीबाई म्हणाल्या. "दुसरी पर्स नेली असेल. चला बरं, उशीर होतोय."

"आणि या घंटेचा गळाच दाबतो आता," असं म्हणून कुलूपकाका फाटकाजवळच्या मेन बोर्डाकडे गेले आणि त्यांनी एक खटका खाली ओढला.

घंटा मध्येच तुटली. एवढ्या मोठ्या आवारात चिटपाखरूही बोलेना. घुमीला वाटलं, आत कोणीतरी घंटेचं बटण दाबतंय, दाबतंय, आणि ते आता कुणालाच ऐकू जात नाहीये. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचं होतं आणि रागाचंही.

"बॅगा घेऊन येतो हां बाई!" असं सांगून तिनं दोघींना जिन्यात ओढलं.

"काचा फोडते मी!" पहिलवान दात-ओठ खात म्हणाली.

"सगळ्या खिडक्यांना गज आहेत," घुमी म्हणाली. "दार काकांनीच उघडायला हवं. मोठ्या बाई हरवल्यात हे त्यांना पटत नाही ना? मग मी हरवते."

"म्हणजे?"

"तीन मुली भरल्याशिवाय मोजणीबाई बस हलवणार नाहीत. एक कमी पडली की शोधावंच लागेल. तुम्ही सांगा, ती मागच्या बाजूनं शाळेत शिरली, घंटेचं यंत्र बघायला."

"मी लपते!" टकळी म्हणाली.

"तू? तू लपलीस तर तिथूनच बोलत राहशील!" पहिलवान म्हणाली. "मीच लपते."

"आणि तू मावणार कशात? कपाटात डोकं, बाहेर पाय!"

"मीच," घुमी म्हणाली. "तुम्ही दोघी असलात तर तुमचं ऐकतील. एकटी घुमी काय बोलणार?"

यावर दोघींनी माना डोलावल्या. टकळीसुद्धा!

वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर गाद्यांची खोली होती. सुट्टीपुरत्या गुंडाळलेल्या गाद्या तिथं छतापर्यंत रचल्या होत्या. घुमी त्यांच्या मागे शिरली आणि भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसली.

आणि मग खरी भीती वाटायला लागली. मोजणीबाई म्हणाल्या, 'जाऊ दे, दोघी तर दोघी', तर? आत्याला या खेपेला अवघड होतं. बाबांना तर प्रत्येकच खेपेला अवघड असायचं. आपल्यासाठी कोणी खोळंबून राहिलंय, असं घुमीला एकदाही आठवेना. आणि तिनं तर मोठ्या बाईंचा जीव नेमका त्यावरच टांगला होता!

खालून बसचा हॉर्न ऐकू आला. मग मोजणीबाईंचा आवाज.

"एक... दोन... तिसरी कुठंय? अगं ए! ए... ती... तिसरी मुलगी!"

नाव माहीतच नव्हतं बाईंना! घुमीनं ओठ गच्च दाबून धरले.

धावपळ सुरू झाली. दारं आपटली, पायऱ्या वाजल्या. कोणीतरी गाद्यांच्या खोलीत डोकावून गेलं, पण गाद्यांमागे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. मग खिडकीखाली टकळीचा सूर लागला, आणि असा लागला की मोठमोठ्या नट्यांनी शिकवणी लावावी!

"ती आत गेलीय हो काका! तिकडच्या खिडकीतून! घंटेचं यंत्र बघते म्हणाली! आणि आता ती औषध मारणारी गाडी आली! मरेल हो ती!"

"कुठली खिडकी? सगळ्यांना गज आहेत!"

"ती काडीसारखी आहे काका! कुठूनही जाते!" हा पहिलवानचा आवाज.

"आधी दार उघडा तुम्ही!" मोजणीबाई इतक्या जोरात ओरडल्या की घुमी दचकलीच. "मुलगी आहे माझी आत!"

जुडगा खळखळला. मोठं दार करकरत उघडलं. पावलं आत आत गेली आणि मग काहीच ऐकू येईना.

मग एकदम गलका झाला. "बाई! अहो बाई! पाणी आणा! हवा येऊ द्या!" पहिलवानची आनंदाची आरोळी तर थेट गाद्यांतून आरपार आली. घुमीनं डोळे मिटून घेतले. सापडल्या! मोठ्या बाई सापडल्या!

ती वाट बघत राहिली. खाली आवाज येत होते, लांब गेले, पुन्हा थोडे जवळ आले. पण वर कोणी येईना. आता तिनं आपली आपण उठून खाली जायला काहीच हरकत नव्हती. खेळ संपला होता, तोही जिंकून. पण तिचे पाय उठेनात. आपण कुठं आहोत हे कोणी विचारलंच नाही, हे मनातून जाईना. गादीच्या खरखरीत कापडात तोंड खुपसून ती रडली.

खाली काय झालं, ते तिला मागाहून समजलं. घंटेचं यंत्र जिन्याखालच्या एका बिनखिडकीच्या खोलीत होतं. काकांनी कुलूप काढलं तेव्हा मोठ्या बाई दाराशीच बसलेल्या होत्या, घामानं निथळलेल्या. ओरडून ओरडून त्यांचा आवाज पार बसला होता. काकांनी खटका ओढला तेव्हा खोलीतला दिवाही गेला होता. त्यांना बाहेर आणून बाकावर बसवलं, सगळ्यांनी गराडा घातला, आणि त्या गडबडीत तिसरी मुलगी चक्क विसरली गेली. टकळी आणि पहिलवानसुद्धा विसरल्या! दोन घोट पाणी प्यायल्यावर मोठ्या बाईंनीच विचारलं, "मी आत असेन, हे सुचलं कुणाला?" आणि उत्तर ऐकून म्हणाल्या, "मग ती कुठंय?"

टकळीनं जीभ चावली आणि वर गाद्यांच्या खोलीकडे बोट केलं.

गाद्यांच्या खोलीचं दार उघडलं. पावलं सावकाश होती, मध्ये मध्ये थांबणारी. मग कोणीतरी अगदी घोगऱ्या आवाजात घुमीला हाक मारली. शाळेच्या पटावरचं तिचं पूर्ण नाव घेऊन नाही. घरी आत्या मारते तशी, नुसत्या नावानं.

वरची एक गादी सरकली, दुसरी धप्पकन खाली आली.

"सापडलीस!" मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचे केस विस्कटले होते आणि साडीभर धूळ होती. त्या तिथंच, पडलेल्या गादीवर बसल्या.

मागोमाग बाकीचे धापा टाकत आले. "बाई, तुम्ही जिने कशाला चढलात!" म्हणता म्हणता मोजणीबाईंनी घुमीला इतकं घट्ट धरलं की तिला श्वास घेता येईना. "शहाणी गं माझी! पण पुन्हा असं केलंस तर बघ! काय गं नाव तुझं? लाज वाटते मला विचारायची." कुलूपकाकांनी जुडगा खिशात लपवला. "पोरी, तू होतीस म्हणून," एवढंच त्यांच्या तोंडून फुटलं. "ती कुलपं आजच काढतो." टकळीला तर रडावं की बोलावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही एकदम केलं. "आम्ही विसरलो गं तुला! मी विसरले! मी!" पहिलवाननं घुमीची बॅग उचलून आपल्या खांद्याला लावली.

"चला, तुम्ही व्हा पुढं," मोठ्या बाई म्हणाल्या. "आम्ही दोघी येतो."

सगळे गेल्यावर खोली शांत झाली. घुमी हळूच त्यांच्या शेजारी बसली.

"आत अंधार झाला ना," मोठ्या बाई म्हणाल्या, "तेव्हा मी आठवत होते, आपल्याला शोधायला कोण कोण येईल. एकही नाव आठवेना."

"मलाही नाही आठवलं," घुमी म्हणाली. "इथं बसून."

मोठ्या बाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. त्यांचं बोट बटण दाबून दाबून लाल झालं होतं.

खाली बसचा हॉर्न वाजला. एकदा वाजला, पुन्हा वाजला.

"उठायला हवं," मोठ्या बाई म्हणाल्या. "सगळे आपल्यासाठी खोळंबलेत."

"खोळंबू देत की जरा," घुमी म्हणाली, आणि तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.