उंदीर पडले तेव्हा

"सोडा! शेपटी सोडा त्याची!"

पुष्पलता दचकली. हातातला मेलेला उंदीर सुटला, तो नेमका ओरडणाऱ्याच्याच पायांवर पडला. सायकल धरून उभा असलेला तो सडपातळ तरुण दोन पावलं मागे सरकला, त्यानं चष्मा सावरला... आणि लाजला.

"माफ करा. मी आरोग्य खात्यातला. वसंता. बालाघाटहून आलो."

"उंदरासाठी?"

"हौ... म्हणजे, मेलेल्यांसाठी."

"मंग घ्या न," ती हसू दाबत म्हणाली, "कोठीत आनखी आहेत."

त्या वर्षी रामपायलीतल्या धानाच्या कोठीत उंदीर पटापट पडत होते. उंदीर पडले की म्हातारी माणसं पुढचं काही विचारत नसत. प्लेगच्या धास्तीनं गाव सोडायचं, शेतात धानाच्या तणसाच्या झोपड्या घालायच्या आणि खात्री पटेपर्यंत घरात पाऊल ठेवायचं नाही. अशा दिवसांत सोयरिकीची बोलणीही होत नसत. झोपडीत पाहुणे बसवणार कुठे? त्यामुळे पुष्पलताला बघायला येणारा वारासिवनीचा बिजवर, दोन मुलांचा बाप, तोही थांबला होता. ती मनातून खूश होती.

वसंतानं उंदरांचे नमुने घेतले आणि बालाघाटला दोन गिनीपिगांना टोचले; ते मेले तर प्लेग, जगले तर नाही. मग तो रोज सायकलवर येई. कुणाला ताप आहे का, काखेत-जांघेत गाठ आहे का, असं झोपडी-झोपडीत विचारत हिंडे. पुष्पलताच्या झोपडीपाशी मात्र त्याची चौकशी जरा लांबायची.

एका दुपारी मावठ्याची भुरभुर सुरू झाली. तो त्यांच्या वळचणीला उभा राहिला. तणसातून एकेक थेंब त्याच्या कॉलरमध्ये पडत होता, पण तो हलेना.

"उंदरावरची येवढीशी पिसू चावते," तिनं विचारलं, "त्यानं मानूस मरते कसा जी?"

"पिसवेच्या थंड पोटात जंतू उघडाच असतो," तो पावसाकडे बघत म्हणाला. "आपल्या अंगाची ऊब लागली की तो अंगावर कवच चढवतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याले गिळतात, पण काही पेशींच्या पोटात तो मरतच नाही. वाढतो... अन् बाहेर पडते वेळी कवच घालूनच निघतो. मग त्याले गिळणंही जमत नाही."

"ऊब लागली का पांघरून घेते? हे तं तुमच्यासारखंच झालं!"

त्याचे कान लाल झाले.

"अन् आपलं अंग? गुपचूप पाहत राह्यते?"

"नाही, नाही! गाठ येते ती त्याचसाठी. जंतू तिथं अडतो, अंगातले सारे शिपाई तिथंच धावतात. म्हणून सुजते, ठणकते. ताप चढतो. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर माणूस तगतो... अन् अंग त्या जंतूले ओळखून ठेवते."

"बोलता येते की तुमाले!"

"जंतूंवर... येते."

ती इतकी हसली, की तोही हसला.

"गिनीपिग कसे आहेत?" हा तिचा रोजचा प्रश्न.

"गवत खाऊन राह्यले."

"अजूनही?" तिचा चेहरा उतरायचा.

"तुमाले का प्लेग पाह्यजे?"

"प्लेग नको जी. थोडा वेळ पाह्यजे." बिजवराची गोष्ट तिनं सांगितली, तेव्हा तो चष्मा बराच वेळ पुसत राहिला.

मग एके सकाळी तो आला, तो मान खाली घालूनच. "गिनीपिग ठणठणीत आहेत. कोठीच्या राखणदारानं जहर टाकलं होतं, भीतीनं बोलला नाही. उंदरांच्या पोटात तेच निघालं."

"मंग आजच सांगता सगळ्यायले?"

"सांगाच लागते. लेकरं थंडीत कुडकुडून राह्यली."

"दोन दिवसांनी सांगा न... माझ्यासाठी."

पहिल्यांदाच त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "खोटं नाही सांगता येत मले."

"अन् खरं?" तिनं पाठ फिरवली. "ते तरी पुरं सांगता येते का?"

ती झोपडीत निघून गेली.

त्यानं बांधावर उभं राहून गावाला सांगितलं. पोरं ओरडली, बाया गाठोडी बांधू लागल्या. पुष्पलताचे वडील दुलीचंद बैल जुंपता जुंपता म्हणाले, "चला! आता वारासिवनीले निरोप धाडतो."

वसंताची सायकल काही पुढे सरकेना.

"दुलीचंदजी... त्यायले बोलावू नका."

"काहून? रोग नाही म्हनता न?"

"रोग नाही जी..." त्यानं चष्मा काढला, पण पुन्हा घालायचं सुचलंच नाही. "मी आहो."

दुलीचंदांच्या हातातलं जोतं तसंच राहिलं. त्यांनी पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी लांजीच्या सुखरामचे पोरगे न?"

"हौ जी."

"बापही असाच. चार शब्द बोलाले चार वर्षं घेते." ते झोपडीकडे वळले. "पुष्पे, याचं का करू व?"

भांड्यांची टोपली घेऊन ती दारात उभी होती. डोळे ओले, ओठांवर मात्र तेच दाबलेलं हसू.

"आधी चष्मा घाला म्हना त्यायले," ती म्हणाली. "अन् गाडीत बसवा. घर सारवायचं आहे... मले पानी शेंदून द्याले कोनी तरी लागन न, बाबा."