आनिएल्लोच्या देखाव्यातली विहीर

पाणी नको घालूस त्या विहिरीत, बियाजो. ठेव ती बाटली खाली आधी. चर्चचा नाताळचा देखावा असला म्हणून काय झालं, चोवीस तारखेला विहीर कोरडीच राहिली पाहिजे. म्हणे, ‘काका, अंगठ्याएवढी तर विहीर आहे!’ अरे, आनिएल्लोचीही अंगठ्याएवढीच होती. आणि तू गं नुन्झिया, हसतेस काय? हस बाई, हस. कॉलेजात जातेस, हसायलाच हवं. तो डिंकाचा डबा इकडे सरकव आणि बुचाचे तुकडे चिकटवता चिकटवता ऐका दोघं. मोबाइल खिशात घाला. त्याचा उजेड मला मध्ये मध्ये चालत नाही.

आनिएल्लोला तुम्ही ओळखता. आपल्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, गॅसचे गिझर दुरुस्त करतो. माझ्याकडे पत्ते खेळायला येतो तोच. हे त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. एकदाच. वर म्हणाला, साबातीनो काका, परत विचारू नका.

त्याची बायको तितीना काही वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये गेली. काय हात होता त्या बाईचा! नाताळचा देखावा तिनं करावा आणि बाकीच्यांनी तोंडात बोट घालून बघावं. कणकेचे पाव, मेणाची मासळी, लसणीच्या माळा, सगळं तांदळाच्या दाण्याएवढं. आणि मातीची प्रत्येक बाहुली म्हणजे घरातलंच कुणीतरी. धोबीण म्हणजे तिची आत्या, अख्ख्या गल्लीशी भांडलेली. दारूच्या पिंपावर बसलाय तो तिचा आजोबा. चोवीसच्या रात्री जेवण झालं की एकेक बाहुली हातात घ्यायची आणि तिची गोष्ट सांगायची. दरवर्षी त्याच गोष्टी हं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर लेक मध्येच थांबवायची, ‘आई, चुकलीस!’ लेकीचं नाव मेना. तेव्हा आठ वर्षांची.

तितीना गेली आणि आनिएल्लो रडला नाही. मी खांदा दिला होता, मी बघत होतो. डोळ्यांत टिपूस नाही. कामावर जायचा, यायचा, पोरीच्या पुढ्यात ताट ठेवायचा. मी विचारायचो, ‘जेवलास का रे?’ तर म्हणायचा, ‘बहुतेक.’ हाताला चटका बसला तरी बघत राहायचा, हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. कशालाही एकच उत्तर, ‘बरं.’

आठ डिसेंबरला आपल्याकडे घरोघरी देखाव्याची खोकी माळ्यावरून खाली येतात. याच्याकडे आली नाहीत. मेना विचारायची, ‘बाबा, देखावा?’ हा म्हणायचा, ‘करू.’ असं करता करता नाताळ दारात आला. शेवटी पोर स्वतःच स्टुलावर चढून खोकं ओढायला लागली. म्हणाली, ‘राहू दे तुझं करू-करू. मी एकटी करते.’ तेव्हा हा उठला.

तर चोवीस डिसेंबर, मंगळवार. सकाळीच आनिएल्लो कारागिरांच्या गल्लीत गेला. बूच घेतलं, पोतंभर शेवाळ घेतलं, आणि मेनानं हट्ट धरला होता म्हणून विहिरीत पाणी खेळवायचा तो चिमुकला पंप घेतला. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, ‘अरे वा, आज वहिनींनी तुला पाठवलं वाटतं! त्या कुठे आहेत?’

‘घरी आहे,’ आनिएल्लो म्हणाला.

खोटं बोलायचं म्हणून नाही. खरं सांगायला चार वाक्यं लागली असती, तेवढा दम नव्हता त्याच्यात.

तितीना देखावा नेहमी बाहेरच्या खोलीत मांडायची, कपाटावर. मेना म्हणाली, यंदा माझ्या खोलीत, पलंगाच्या समोर, झोपल्याझोपल्या दिसला पाहिजे. ‘बरं.’ खोली कसली, स्वयंपाकघराला लागून एवढीशी जागा, दारावर जुना गॅसचा गिझर. हिवाळ्यात तो रात्रंदिवस चालू, त्याच्यावरच घर तापतं. समोरच्या भिंतीला यानं बुचाचा डोंगर रचला, पार छतापर्यंत. मागे निळ्या कागदाचं आभाळ, कडेनं चिकटपट्टी. हात सवयीनं चालत होते. डोकं कुठे होतं, त्यालाच ठाऊक नाही. संध्याकाळी बाहुल्या लागल्या, विहिरीत पाणी खळखळायला लागलं. मेनानं टाळ्या पिटल्या. तिच्याकडे बघून हसायला हवं हे त्याला कळलं, म्हणून तो हसला.

तेवढ्यात सासूबाई आल्या. असूंता बाई. एका हातात वाम मासा, दुसऱ्या हातात मधातल्या तळलेल्या गोळ्यांचा डबा. विहीर बघितली आणि डबा तिथेच टेकवला.

‘अरे, अक्कल गहाण टाकलीस का? चोवीसच्या रात्री विहिरीत पाणी?’

‘खेळण्यातली विहीर आहे, आई.’

‘विहीर खेळण्यातली, पण पाणी खेळण्यातलं आहे का? वर्षभरात जायची असतात त्यांची तोंडं दिसतात त्यात. माझ्या आईनं कधी विहिरीत बादली सोडली नाही या रात्री. एक माणूस गेलं या घरातलं, पुरे नाही झालं तुला?’

आनिएल्लोनं पंपाची पिन ओढली. खळखळ थांबली.

‘ओतून टाक ते.’

‘ओततो.’

ओतलं नाही त्यानं. कंटाळा म्हणा. कंटाळा यायलासुद्धा माणसाला काहीतरी वाटावं लागतं, तेवढंही नव्हतं.

जेवायला बसले. मेनानं चार घास खाल्ले, म्हणाली, डोकं दुखतंय. म्हातारी म्हणाली, दिवसभर शेवाळात लोळलीस, सर्दी झाली असेल, पड जा. पोर पलंगावर जाऊन पडली आणि बापाला हाक मारली, ‘बाबा, गोष्टी?’

हा जाऊन खुर्चीवर बसला. धोबीण हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली.

‘ही... धोबीण.’

‘मग पुढे?’

‘पुढे... मला येत नाही गं.’

सोळा वर्षांचा संसार. दर नाताळला त्या गोष्टी कानांवर पडलेल्या. आणि एक आठवेना. मेना रागावली नाही, रडलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘राहू दे. बारा वाजता मला उठव हं बाबा, गव्हाणीत बाळ येशू मला ठेवायचाय.’ आणि भिंतीकडे तोंड केलं. मला सांगताना आनिएल्लो इथे थांबला होता. म्हणाला, काका, ती रागावली असती तर बरं झालं असतं.

साडेअकराला सासूबाई मिस्साला, चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला, निघाल्या. ‘येतोस?’ ‘नाही.’ ‘देवाशी भांडून काय मिळणार आहे तुला?’ ‘मी कुठे भांडतोय?’ दार आपटून गेल्या. यानं खोलीचं दार लोटून घेतलं, पोरीला गार वारा लागू नये म्हणून, आणि पुन्हा खुर्चीवर बसला. देखाव्यातले बारके दिवे तेवढे चालू. त्याचंही डोकं ठणकत होतं. मग ठणकायचं थांबलं. अंग हलकं झालं. झोप दाटून आली, अशी छान, की मार्चपासून तशी आलीच नव्हती. त्याला वाटलं, असंच बसून राहावं. उठूच नये.

आणि पाणी वाजलं.

टप्. मग थांबलं. मग पुन्हा... टप्.

पंपाची पिन त्याच्या पायाशी जमिनीवर पडलेली.

घाबरला नाही हो तो. तेच तर सांगतोय. घाबरायला जे लागतं ते त्याच्याजवळ नव्हतंच. उठला, टेबलाला धरत गेला, वाकला. सासूचे शब्द लक्षात होते त्याच्या. उलट त्याला वाटलं, दिसू दे माझं तोंड. दिसलं तर बरंच आहे.

दिसलं. अंगठ्याएवढ्या पाण्यात अख्खा चेहरा कसा मावला ते मला विचारू नका. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याचाच.

‘हं,’ म्हणाला तो.

आणि मग... शेजारी दुसरा. लहान.

डोळे मिटलेले. तोंड किंचित उघडं. कपाळावर केस चिकटलेले.

मेना.

त्यानं मागे वळून बघितलं. ती पलंगावर होती. भिंतीकडे तोंड करून. तशीच.

‘मेना...’

...

‘मेने, ऊठ. बारा वाजत आले.’

...

खांदा हलवला. मान लुडकली. गाल लालबुंद. ओठ लालबुंद. एवढा छान रंग त्या पोरीला कधी नव्हता.

आता मात्र काहीतरी तुटलं त्याच्या आत. भीती आली. सगळ्या वर्षाची एकदम आली. त्याला एकच दिसलं, की तितीना लेकीला न्यायला आलीय. एकटीला करमत नाही तिला. आणि नऊ महिने ज्या माणसाचा आवाज चढला नव्हता तो ओरडला, ‘तितीना! पोरीला नेऊ नकोस! मला ने! तिला नको गं, तिला नको!’

बाहेर घंटा सुरू झाल्या. कुणाला ऐकू जाणार?

पोर उचलली. पायांत जोर नाही. दाराकडे वळायचं, तर दार कुठल्या बाजूला तेच कळेना. एक पाऊल... दुसरं... गुडघे गेले. पोरीसकट तो देखाव्यावर कोसळला. बूच, शेवाळ, बाहुल्या, निळं आभाळ, सगळं खाली.

आणि तोंडावर वारा आला. गार.

बघतो तर समोर भिंतीत जाळी. हवा यायची जाळी, गिझरसाठी ठेवलेली. दिवसभर खपून यानंच तिच्यावर डोंगर रचला होता. नीट, चिकटपट्टी लावून. हा माणूस, जो गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन आयाबायांवर ओरडतो, की बाई, जाळीसमोर कपाट ठेवू नका, मराल! तितीना बाहेरच्याच खोलीत देखावा का मांडायची, हे त्याला त्या क्षणी कळलं.

पोरीचं तोंड त्यानं जाळीला लावलं. हाताला लागेल ती वस्तू जमिनीवर आपटत राहिला. खालच्या मजल्यावरचा म्हातारा, पाय दुखतात म्हणून मिस्साला न गेलेला, शिव्या देत वर आला आणि त्यानं दारं-खिडक्या उघडल्या.

वाचली. दोघंही वाचली. नुन्झिया, इतका वेळ दाबून ठेवलंयस ते बोल आता. ‘हवा कोंडल्यामुळे गिझरचा विषारी गॅस साठला होता काका, गॅसमुळे भास होतात.’ होतात की! हॉस्पिटलातली डॉक्टरीणही तेच म्हणाली. विहीर, चेहरे, ते पाणी वाजणं, सगळं गॅसचं. मी कुठे नाही म्हणतोय? आनिएल्लोसुद्धा नाही म्हणत नाही.

पण नाताळच्या सकाळी, मेनाला प्राणवायू लावलेला, डॉक्टरणीनं तिची बाही वर केली. दंडावर निळे डाग. दोन-दोन बोटांचे. तिनं आनिएल्लोकडे असं बघितलं, की पोलीस बोलवायचेच बाकी. ‘हिला चिमटे कोणी काढले?’

सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला. आणि मेना डोळे मिटूनच म्हणाली, अगदी कुरकुरत, ‘झोपूच देत नव्हती मला.’

‘कोण गं बाळा?’

...पोर पुन्हा झोपली होती. साधी झोप. डॉक्टरणीनं नाडी बघितली आणि मान हलवली.

मग नर्स आनिएल्लोकडे वळली. त्याचंही रक्त तपासायचं होतं. बाही वर करायला गेली, तर बाही कातडीला चिकटलेली. ओली करून सोडवली. आणि तिचा हात थांबला.

मेनाच्या दंडावर तीन-चारच होते. याच्या हाताला जागा नव्हती. मनगटापासून खांद्यापर्यंत, एकाला लागून एक, निळे-काळे. वर वर जावं तसे जास्त जोरात काढलेले. खांद्याजवळ तर नखं रुतून रक्त आलेलं.

‘अहो, हे दुखलं नाही तुम्हाला?’

‘नाही,’ आनिएल्लो म्हणाला.

बराच वेळ हाताकडे बघत बसला. मग एका डागावर बोट ठेवलं, दाबलं, आणि असा रडला, असा रडला, की शेजारच्या खोलीतली माणसं उठून आली.

मेनाचे डाग आठवड्यात गेले. याचे अजून आहेत. पत्ते वाटताना बाही वर सरकते तेव्हा मला दिसतात, निळेच्या निळे. मी माझी पानं उचलतो आणि खेळतो.