डावी बाजू वर

समिधा ऑफिसातून यायला अवकाश आहे, तोवर सांगतो. ट्रेझरीत अडतीस वर्षं कारकुनी केल्यावर भुतांची भीती उरत नाही; त्यांच्याहून निर्विकार माणसांच्या शेजारी आपण डबा खाल्लेला असतो.

दुबईत लेकीकडे आलोय. आज दुपारी तिचा फोन आला, "बाबा, अल कुसैसला शौकतभाईंनी माझा किमोनो फिट करून ठेवलाय. आणाल? संध्याकाळी ऑफिसात कल्चरल डे आहे."

किमोनो कुणाचातरी वापरलेला, जुन्या बाजारात मिळालेला. पांढऱ्या रेशमावर उडते करकोचे. जपानात करकोचा म्हणजे हजार वर्षांचं आयुष्य म्हणे. आपल्या पैठणीवरचा मोर असली हमी देत नाही.

शौकत शिंपी, मूळचा रत्नागिरीचा. दुकानात लख्ख ऊन, इस्त्रीची वाफ. पुतळ्यावरच्या किमोनोजवळ मात्र विझलेल्या उदबत्तीचा वास.

"काका, मिस्टेक माझीच," तो हळू आवाजात म्हणाला. "लेडीज कोटाची उजवी बाजू वर येते. त्या सवयीने बांधायच्या नाड्या तशाच लावल्या. एक जपानी मॅडम बघून दारातच थांबल्या. म्हणाल्या, जित्या माणसाची डावी बाजू वर. उजवी वर फक्त... मयताची."

"आमच्याकडेही श्राद्धाला जानवं उजव्या खांद्यावर घेतात," मी म्हणालो. "मेल्यावर सगळं उलटंच. मग?"

"उसवून नीट लावल्या. पुतळ्याला डावी बाजू वर करून बांधला. नमाज पढून येतो, तर... उजवी वर."

"एसीचा वारा."

"गाठ मारली होती, काका..."

संध्याकाळी समिधाने तो नेसला, तेव्हा मी जातीने तपासला. डावी बाजू वर, गाठ पक्की. "बाबा, चिल!" म्हणून ती गेली.

सातला तिचा सेल्फी आला. उजवी बाजू वर. मी तडक फोन लावला.

"समिधा, आत्ताच्या आत्ता काढ तो."

"अहो बाबा, डावीच वर आहे! सेल्फी आरशासारखा उलटा येतो."

खरंच की. स्वतःला हसलो, चहा टाकला. मग चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. तिच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'वेलकम' लिहिलंय.

फोटो उलटा असता, तर अक्षरंही उलटी दिसली असती.

ती सरळ आहेत.