मोटेच्या सागाची गितार

बाजाराच्या दिवशी शेषराव डोणगावला निघाला, तेव्हा अन्नपूर्णानं त्याला मीठ आणि रॉकेल आणायला सांगितलं. यातलं काहीएक त्याच्या लक्षात राहणार नाही, हे तिला ठाऊक होतं. नवऱ्यानं सकाळी सकाळी दाढी केली होती, गाडीत गोधडी अंथरली होती, आणि एरवी बैलांवर खेकसणारा हा माणूस आज त्यांना 'चला राजेहो' म्हणत होता. गोधडी कुणासाठी, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. आज शेषरावची गितार येणार होती.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनतीन वर्षं झाली होती, पण त्या पंचक्रोशीत गितार कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. शेषरावनं पाहिली होती. लहानपणी शेगावला दर्शन करून मलकापूरच्या मामाकडे जायला तो स्टेशनवर बसला होता, आणि बाकावर एक रेल्वेचा गार्ड गितार वाजवत होता. पोरगं तोंड उघडं टाकून ऐकतच राहिलं. गाडी आली, गार्ड गेला, पण ती चाल शेषरावच्या डोक्यात जी बसली ती बसलीच.

घरी आल्याबरोबर त्यानं बापाकडे गितार मागितली. भगवानराव तेव्हा मोट हाकत होते. विहिरीतून पाणी काढायची ती भलीमोठी चामड्याची पिशवी, तिला बांधलेला जाड नाडा, सागाच्या खांबांमधलं चाक आणि विहिरीपासून खाली उतरत जाणारी धाव. बैल धाव उतरले की भरलेली मोट वर यायची आणि काठावरच्या थारोळ्यात, दगडी कुंडीत, रिकामी व्हायची. मग तेच बैल उलट्या पावलांनी धाव चढायचे आणि मोट पुन्हा खाली जायची. नाड्यात सापडून भगवानरावांच्या डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं पहिलं बोट कधीच गेलं होतं, पण गळा असा, की पहाटे त्यांचं मोटेवरचं गाणं ऐकून बायका जात्यावरचा हात थांबवायच्या.

“गितार?” ते हसले. “आपल्या घरी एकच गाणं हाय बाप्पा, मोटेवरचं. दुसरं कायले पाह्यजे तुले?”

त्या हसण्यानं शेषराव फार दुखावला होता. बापाचं गाणं त्याला आवडायचं, पण बापानं एकदा तरी त्याची चाल ऐकून घ्यावी, एवढीच त्याची इच्छा होती. ती काही पुरी झाली नाही. मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात, बांधाकडचा शेवटचा मिरचीचा वाफा भिजायचा राहिला असताना, भगवानराव धावेवरच कोसळले. गाणं अर्ध्यात राहिलं आणि मोटही अर्ध्या विहिरीत. बैल मोकळे करायला कुणीतरी नाडा कापला आणि भरलेली मोट तळाला गेली.

त्या गावाची एक रीत होती. मोट कायमची बंद करायची, तर शेवटची मोट वर ओढून रिकामी करायची, चाकाला हळदकुंकू लावायचं आणि घरातल्या बाईनं म्हणायचं, 'मोकळी झाली.' दुःखाच्या गडबडीत हे कुणाच्या डोक्यात येणार? पुढं विहिरीवर इंजिन बसलं, जुने बैल विकले आणि सागाचे खांब गोठ्यामागं पडून राहिले. ते खांब शेषरावनं डोणगावच्या दयाराम सुताराला नेऊन दिले. दयाराम भजनी मंडळांच्या वीणा करायचा. गितारीचं चित्र बघून तो म्हणाला होता, “इतका मुरलेला साग भेटला, तर ही बया बी करून पाहू.”

आणि त्यानं केली होती! दयारामनं गितारीवर झाकलेलं जुनं धोतर बाजूला सारलं तेव्हा शेषराव तिच्यापुढं मांडी घालून बसला. मधाच्या रंगाचं पोट, त्यात गोल भोक, सायकलच्या आऱ्या कापून मानेवर बसवलेल्या पट्ट्या, आणि खामगावहून आणलेल्या तारा. त्यानं तार छेडली. तो आवाज ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“रडू नका भाऊ, पॉलिश उतरन,” दयाराम म्हणाला. मग आवाज थोडा खाली आणून त्यानं विचारलं, “मोट रीतीनं सोडवली होती ना?”

“हाव हाव,” शेषराव म्हणाला. त्याचं सगळं ध्यान तारांकडे होतं.

“मंग काही नाही. फक्त... सकाळी पुसत जा इले. रात्रभर कोरड्यात ठेवली, तरी पहाटं ओली लागते.”

मीठ राहिलं आणि रॉकेलही राहिलं. परतीच्या वाटेवर ऊन उतरलं, तुरीच्या शेतांवर गारवा पसरला. गाडीवाटेवर चिटपाखरू नव्हतं. शेषरावनं कासरा मांडीखाली दाबला आणि गितार उराशी धरली. शेगावची ती चाल त्याला बाप गेल्यावर घेतलेल्या बुलबुलतरंगावर वाजवता येत होती, म्हणून इथंही तो ती एका तारेवर शोधू लागला. बोटं मात्र भलतीकडेच वळली. निघालं ते बापाचं गाणं. संथ, लांब ओढलेलं...

बैल थांबले. मग त्यांनी माना वाकवल्या आणि एकेक पाऊल मागे टाकायला लागले. गाडी उलटी सरकू लागली.

“अबे! काय करून राह्यले?” शेषराव हसून ओरडला. ही जोडी कोवळी होती, इंजिन बसल्यावर घेतलेली. त्यांनी जन्मात मोट पाहिली नव्हती. वाजवणं थांबवलं तशी गाडी मुकाट्यानं पुढं निघाली. बिचकली असतील, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण गितारीच्या भोकातून ओल्या चामड्याचा आणि एरंडेलाचा वास येत होता. मोटेला एरंडेलच चोळायचे. त्यानं गितार गोधडीत नीट गुंडाळली आणि बैलांना जरा जोरात हाकललं.

घरी मात्र दिवाळीच झाली. अर्धं गाव ओसरीवर जमलं. रंगरावकाकांनी भोकात डोळा घालून आत काय आहे ते पाहिलं आणि 'पोट फाडलेला तंबोरा' असं बारसंही करून टाकलं. अन्नपूर्णा लटक्या रागानं म्हणाली, “मीठ नाही आणलं. आता हिलेच घाला वरणात!” आणि स्वतःच पदरानं गितार पुसत बसली. शेषराव इतका खूश होता, की त्याला कुणाचंच काही लागत नव्हतं.

माणसं पांगली, दिवा लागला. त्यानं गितार मांडीवर घेतली आणि पुन्हा तेच झालं. शेगावची चाल धरायला जावी, तर बापाचं गाणं उमटायचं आणि नेमकं एका जागी तुटायचं. त्या जागेपुढं बोटं हलेनातच.

चुलीपाशी बसलेली रुक्मिणीबाई, त्याची आई, उठून दारात आली. तिचा चेहरा उतरला होता.

“बंद कर.”

“काऊन माय?”

“त्या दिवशी... इथंच तुटलं होतं तुह्या बापाचं गाणं. मी भाकर घेऊन धावंकडेच येऊन राह्यली होती.” ती गितारीकडे पाहत होती, पण हात लावत नव्हती. “सकाळ झाली का नेऊन दे ते. माह्या घरात नको.”

सगळा जन्म जिच्यासाठी जीव टाकला, ती एका रात्रीची पाहुणी ठरली. गितार ओसरीच्या खुंटीला टांगून तो भिंतीकडे तोंड करून निजला.

कोंबड्यानं बांग दिली आणि त्याला जाग आली. ओसरीवर गितार वाजत होती. खुंटीला होती तशीच होती, जवळ कुणी नव्हतं, आणि तारा मात्र थरथरत होत्या. गोठ्यात बैल नव्हते, दावी सुटून पडली होती. अन्नपूर्णानं त्याचा दंड घट्ट धरला.

“विहिरीकडं... ऐका...”

कुर्रर्र... कुर्रर्र... चाक फिरत होतं. पण चाक होतं कुठं? ते तर मोडून जळणात गेलं होतं. दोघं धावेपाशी पोचली. उजाडायला नुकतीच सुरुवात झाली होती, विहिरीवर धुकं होतं. त्या अंधुक उजेडात त्यांची कोवळी जोडी उलट्या पावलांनी धाव चढत होती. अंगावर जू नव्हतं की नाडा. वर पोचून ती खाली उतरू लागली, तेव्हा दोघांच्या माना दबलेल्या होत्या. मोट ओढताना हाकणारा नाड्यावर बसला की दबतात तशाच. ओल्या चामड्याचा वास अंगावर आला. घरातून गाणं ऐकू येत होतं. ते त्या जागेवर आलं आणि तुटलं. बैल धावेच्या मधोमध थांबले. अंगं थरथरत होती, तोंडाला फेस आला होता. मग पुन्हा उलटी पावलं, पुन्हा पहिल्यापासून...

“अर्धीच येऊन राह्यली...”

मागे रुक्मिणीबाई उभी होती. भीतीपेक्षा तिच्या आवाजात काकुळतीच जास्त होती. “मोट अर्धीच येते रे तुह्या बापाची. आपुन नाडा कापला शेषा. रीत राह्यली. दोन वर्षांपासून वढून राह्यले ते.”

“मी काय करू माय?”

“पुढलं वाजव. तुले येते ते गाणं.”

शेषराव घराकडे धावला. खुंटीवरून काढताना गितार जड लागली, आत पाणी भरल्यासारखी. धावेच्या तोंडाशी बसून त्यानं डोळे मिटले. गाणं त्या तुटक्या जागेवर आलं, आणि लहानपणी रोज अंथरुणात ऐकलेली पुढची ओळ त्यानं आठवून आठवून वाजवली. बापाचा हेल, बैलांना दिलेली हाक, शेवटचा तो लांब सूर, सगळं.

बैल खाली उतरले, अगदी धावेच्या टोकापर्यंत. आणि कोरड्या थारोळ्यात, कुणाला काही दिसत नसताना, धबधब करून पाणी पडल्याचा आवाज झाला.

रुक्मिणीबाई आत जाऊन हळदकुंकू घेऊन आली. गितारीच्या भाळावर बोट टेकवून ती म्हणाली, “मोकळी झाली.” तिला हुंदका आला, आणि लगेच हसूही आलं.

दिवस वर आला तेव्हा बांधाकडचा तो वाफा चिंब भिजलेला होता. इंजिनाला कुणी हात लावला नव्हता. अन्नपूर्णानं भीतभीत विचारलं, “मंग... नेऊन द्यायची का डोणगावले?”

“नेऊन तं पाहा!” सासू कडाडली. “माह्या मालकाच्या मोटेचा साग हाय तो.”

त्या दिवशी शेषरावच्या बोटांना शेगावची चाल पहिल्यांदा सापडली. त्यानं ती इतक्यांदा वाजवली, की संध्याकाळी रंगरावकाका बंडी सावरत नाचले आणि अन्नपूर्णा हसून हसून बेजार झाली. इतका सुखी माणूस गावानं पाहिला नव्हता. पुढं पहाटे बैल दाव्यालाच असायचे, चाकही वाजलं नाही. सगळं निवलं, असं घरानं धरलं.

मिरची लाल झाली त्या सुमाराला शेषरावला पुन्हा पहाटे जाग आली. ओसरीवर गितार वाजत होती. मोटेचं गाणं नव्हतं ते. शेगावची चाल होती. पण अडखळत, चुकत, जाड बोटांच्या नवशिक्यानं वाजवावी तशी. एका जागी सूर निसटायचा, क्षणभर थांबायचा आणि परत पहिल्यापासून सुरू व्हायचा. शेषराव हलला नाही. उजाडेपर्यंत गोधडीत पडून ऐकत राहिला.

उजेडात त्यानं गितार खाली घेतली. मानेवर, सायकलच्या आऱ्यांमध्ये, बोटांचे ओले ठसे होते. मधलं बोट, त्याच्या शेजारचं, करंगळी. नाड्यात गेलेल्या पहिल्या बोटाची जागा कोरडी होती.

त्या दिवशी त्यानं गितार पुसली नाही. संध्याकाळी ओसरीवर बसून त्यानं शेगावची चाल धरली आणि सूर निसटायचा ती जागा हळूहळू, पुन्हा पुन्हा वाजवली. कुणाला शिकवावी तशी. गोठ्यात दोन्ही बैलांनी माना वळवल्या आणि धावेकडे पाहत एकेक पाऊल मागे टाकलं.