कूलरसमोरची खाट

कूलरसमोरच्या खाटेवर कोणालाच झोपवायचं नाही. चादर मात्र रोज बदलायची. आणि का, ते विचारायचं नाही.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी इंदुताईंनी नयनला हे सांगितलं, तेही कपाटात सलाईनच्या बाटल्या लावता लावता. यवतमाळच्या त्या छोट्या खासगी दवाखान्यातल्या त्या सर्वांत जुन्या सिस्टर. त्यांच्या खालोखाल बबनराव. केस पांढरे झाले तरी वॉर्डबॉयच.

नयन मुकुटबनची. सकाळी नर्सिंग कॉलेज, दुपारपासून इथे आयाचं काम. बेडपॅन, फिनाईल, चादरी. दुपारी निळा अ‍ॅप्रन चढवला की मी विद्यार्थिनीची मावशी होते, असं ती मैत्रिणींना सांगायची.

"काहून विचारायचं नाई, इंदुताई?"

"मी सांगून राह्यली म्हणून."

असल्या उत्तरांनी नयनचं डोकं फिरायचं. पण ही नोकरी सुटली तर कॉलेजही सुटणार होतं. तिनं चादर घातली. कॉलेजात शिकवतात तशी, कोपरे पाकिटासारखे मुडपून, एक सुरकुती राहू न देता.

तासाभरानं ती फरशी पुसत तिथे आली, तर चादर चुरगळलेली. गादीत खळगा पडला होता. कमरेपाशी खोल, पायांकडे उथळ, गुडघे पोटाशी घेऊन कोणी कुशीवर झोपावं तसा. उशीवर खोबरेल तेलाचा वास. नयननं हात लावून पाहिला. समोर कूलर भसाभसा गार वारा फेकत होता, आणि खळगा मात्र ऊबदार होता. अंगाची असते तशी ऊब.

तिनं हात झटक्यात मागे घेतला.

"हात नको लावत जाऊ," मागून बबनराव हळूच म्हणाले. "झोपली असते थे…"

"कोण, काका?"

त्यांनी इंदुताई आसपास नाहीत ना ते पाहिलं. "शोभा. तुह्यासारखीच आया होती. डबल डबल ड्युट्या करे. एका दुपारी म्हणे, जरा पाठ टेकतो… अन् टेकली ते टेकलीच. तवापासून खाट तिची."

त्यानंतर नयन रोज चादर घालत राहिली. घालताना डोळे भिंतीकडे ठेवायची, आणि तसं करतो म्हणून स्वतःवरच चिडायची.

मग मे महिना आला. त्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. डांबर चपलांना चिकटत होतं. उन्हानं लोळवलेल्या माणसांनी वॉर्ड भरून गेला होता, कूलरसमोरची ती एक खाट सोडून. अशात दारात ऑटो थांबला आणि हिरासिंग नावाचा दांडगा तरुण आईला, बिजलीबाईंना, दोन्ही हातांवर उचलून आत धावला.

"सिस्टर, पाहा ना! वावरात कापसाच्या पऱ्हाट्या वेचून राह्यली होती, पडली… याडी! ए याडी!" तो आईला हाका मारत होता.

बिजलीबाईंचं अंग तव्यासारखं तापलं होतं. घामाचा थेंब नाही. डोळे पांढरे, दात करकर वाजत होते. डॉक्टर वरच्या मजल्यावर ऑपरेशनमध्ये होते. त्यांनी निरोप धाडला, सलाईन लावा, अंग थंड करा, येतोच.

बबनरावांनी बाहेरच्या पॅसेजमध्ये सतरंजी टाकली. तिथे वाऱ्याची झुळूक नव्हती, फरशीसुद्धा तापलेली. उष्माघातात औषधाआधी ओली चादर आणि वारा, हे नयन त्याच आठवड्यात शिकली होती. उशीर झाला की मेंदू जातो, मग माणूस. आणि वारा त्या अख्ख्या दवाखान्यात एकाच जागी होता.

"काका, इकडं घ्या याईले. कूलरपाशी."

"तिथं नाई, पोरी. तिथं नेलेलं माणूस उठत नाई."

"नेलं कोणाले? कधी?"

नेलं कोणालाच नव्हतं.

"नयन!" इंदुताईंचा आवाज थरथरत होता. "पेशंट तिथं ठेवला तर उद्यापासून येऊ नको."

नयन खाटेकडे निघाली. जवळ गेली आणि कूलरची घरघर थांबली. पाती फिरत होती, वारा तोंडावर येत होता, आवाज तेवढा नव्हता. वॉर्डातलं कण्हणंही कुठे तरी लांब गेलं. त्या शांततेत तिला एक श्वास ऐकू आला. संथ, जड. खळग्यातली चादर वर येत होती… खाली जात होती…

तिचे पाय मागे सरकू पाहत होते. पण मागे बिजलीबाईंचे दात वाजत होते.

पेशंटच्या खाटेवर पसरलेल्या नातेवाइकाला उठवावं, तसं ती म्हणाली, "शोभाताई, उठा. पेशंट आला."

काही हललं नाही.

"उठा ना व ताई… थकल्या असान, मले समजते. पण ही बाई मरून राह्यली."

श्वास थांबला. मग स्प्रिंगा करकरल्या. उशीवरचा खळगा भरला, मग खांद्यांचा, कमरेचा. खाटेची कड खोल दबली. गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत उठावं तसं कोणी तरी उठलं. नयनच्या गालाजवळून खोबरेलाचा वास सरकत गेला, आणि कूलर पुन्हा घरघरू लागला.

"हिरासिंगभाऊ, आना त्याईले!"

मग तिनं मागे पाहिलं नाही. ओल्या चादरी, समोरच्या रसवंतीतला बर्फ, काखेत, जांघेत, मानेशी. बिजलीबाईंना तिनं कुशीवर वळवलं. इंदुताई दूर उभ्या होत्या. शेवटी त्याच पुढे आल्या, खाटेला अंग न लावता, लांबूनच हात पुढे करून त्यांनी सुई टोचली. पहिल्या झटक्यात शीर सापडली.

डॉक्टर आले तोवर ताप उतरणीला लागला होता. "कूलरसमोर कोणी घेतलं यांना?"

"मी," नयन म्हणाली.

"म्हणून हाती लागल्या."

उन्हं कलली तेव्हा बिजलीबाईंनी डोळे उघडले. पहिलं वाक्य, "माही ओढणी कोनं भिजवली व?" हिरासिंग इतक्या मोठ्यानं हसला की त्याला रडू फुटलं. सारा वॉर्ड हसला. नयनला वाटलं, आज आपण या निळ्या अ‍ॅप्रनमध्येही सिस्टर आहोत.

काउंटरमागच्या रेक्झिनच्या गादीच्या बाकावर इंदुताई आणि बबनराव दोन टोकांना बसले होते. त्यांनी तिला बोलावलं.

"बाई वाचली, चांगलं झालं," इंदुताई म्हणाल्या. "आता नारळ फोड, शोभाची माफी माग. ही बाई घरी गेली की खाट पुन्हा रिकामी ठेवायची. चादर तूच घालशील. मग मी काही बोलत नाई."

"नाई."

"काय नाई?"

"माफी नाई, अन् रिकामी खाटही नाई. तिथं पेशंट झोपन. उद्या मी येईन, कॉलेज सुटलं की, रोजच्यासारखी." नयनचा आवाज चढला. "जितेपणी तिले बसाले स्टूल नाई देल्लं तुमी, अन् मेल्यावर खाट देल्ली! डबल ड्युट्या कोणं लावल्या होत्या, इंदुताई? कोणं?"

इंदुताईंनी समोरचं ड्युटीचं रजिस्टर मिटलं. बबनरावांनी मान खाली घातली.

आणि त्या दोघांच्या मधोमध, बाकाच्या रिकाम्या जागेवर, रेक्झिन हळूहळू खाली दबत गेलं.