हिरवी बिस्किटं

शपथेवर सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. म्हणजे, एक जागा सोडून. ती शेवटी सांगेन.

हॅलोविनची दुपार होती. माझी भाची ओडेसा सहा वर्षांची. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी तिचा घसा मिटतो. गेल्या वर्षी ती दारोदार फिरून पिशवीभर खाऊ घेऊन आली, आणि तिच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, एकेक करत सगळा काढून घेतला. उरली एक पेन्सिल. पोरगी रडली नाही, पेन्सिल उशाशी घेऊन झोपली. म्हणून यंदा मी पायरीवर मोरपंखी रंगवलेला भोपळा ठेवला. असा भोपळा दिसला की अ‍ॅलर्जीवाल्या पोरांनीही त्या दारी निर्धास्त यावं, अशी आमच्याकडची खूण.

शेंगदाण्याच्या लोण्याऐवजी सूर्यफुलाच्या बियांचं लोणी घालून बिस्किटं करत होतो. तेवढ्यात बहिणीचा, मार्लिसचा, फोन.

"व्हर्लिन, चमचे धुतलेस?"

"दोनदा."

"तुझं दोनदा म्हणजे एकदा."

"बरं बाई, एकदा."

पहिलं ताट भाजून झालं आणि लोणी संपलं. घर मी ऑगस्टातच घेतलेलं. आधीच्या लोकांचं फडताळ अजून तसंच भरलेलं. त्यात अगदी मागे एक सीलबंद बरणी सापडली. लेबल घासून गेलेलं, कडेला पिवळा रंग तेवढा उरलेला. पिवळं म्हणजे सूर्यफूलच, म्हटलं. वासही तसाच, भाजका. दुसरं ताट त्यातून झालं. पिठाची पिशवी हातून सुटून जमीन पांढरी झाली. नंतर पुसू म्हणून ठेवलं.

उजेड कलला. बाहेर पानं पायरीवरून घासत होती. घंटा वाजली.

दारात एकच पोर. अंगावर जुनी चादर, डोळ्यांच्या जागी भोकं, पाय अनवाणी. खाऊ मागितला नाही. मी दोन्ही ताटं पुढे केली. त्यानं पहिल्यातलं बिस्किट मोडलं. आतून शेवाळासारखं हिरवं. मला वाटलं, बुरशी... पण पोरानं ते शांतपणे पिशवीत टाकलं. मग दुसऱ्या ताटातलं मोडलं. तपकिरी. ते माझ्यासमोर धरून ठेवलं.

"हे... हिरवं नाही."

आवाज नव्हताच म्हणा. बारीक नळीतून वारा ओढावा तशी शिट्टी... एकेका शब्दामागे एक. चादर तोंडापाशी आत ओढली जात होती, पण बाहेर फुगत नव्हती.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कोणी नव्हतं, आणि मार्लिसची गाडी फाटकात.

ओडेसा धावत आत आली. "मामा, यातलं सगळं खाऊ? खरंच सगळं?" आणि दुसऱ्या ताटातलं एक तिच्या ओठांपाशी गेलंसुद्धा. मी ते हिसकावून घेतलं. तिचा चेहरा पडला.

"अरे, काय करतोस?" मार्लिस म्हणाली.

"ही बिस्किटं गार झाल्यावर आतून... हिरवी पडतात का गं?"

"पडतात. बिया आणि खायचा सोडा. सगळ्या आयांना माहीत असतं. का?"

मी मूठ उघडली. तपकिरी चुरा.

तिनं ओट्यावरच्या बरणीकडे पाहिलं. पोरीचे हात, ओठ धुतले. मग पहिल्या ताटातलं एक मोडून पाहिलं, ते पोरीला दिलं आणि तिला उचलून गाडीत बसवलं. जाताना एवढंच म्हणाली, "ती बरणी कुठून आली, ते मला सांगू नकोस."

आता ती जागा. घंटा वाजली, हे खोटं. पोर दारात उभं होतं, हेही. ऐकणाऱ्याला बरं वाटतं म्हणून मी तसं सांगतो. बाहेरून आलेलं बाहेर जातं.

बाहेर कोणीच नव्हतं. सांडलेल्या पिठात अनवाणी पावलं होती, फडताळापासून माझ्यापर्यंत आलेली.

परत गेलेली नव्हती.