दर अकरा मिनिटांनी

अप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं, "कधी आलीस गं?" आणि सुनेत्रानं पुन्हा घड्याळ पाहिलं. मिरजेच्या त्या मेंदू-यंत्र प्रयोगशाळेत ती सकाळपासून वडिलांसमोरून हललीच नव्हती.

अप्पांच्या मेंदूत हाताचा कंप थांबवणारी चकती होती. तिची चालक-आज्ञावली, म्हणजे तिला चालवणारं सॉफ्टवेअर, जुनी झालेली. नवी बसवण्याआधी ती जुनी आज्ञावली इथं तंत्रज्ञ असलेल्या सुनेत्रानं आज स्वतःच्या हातानं काढून टाकली होती.

"काढलीत ना? मग हे काय चाललंय?" मेंदूतज्ज्ञ डॉक्टर उपासे करवादले.

"चकतीत एक ठोका-घटक आहे. दर अकरा मिनिटांनी तो जागा होतो आणि मेंदूतल्या एका राखीव जागेत हाताची दुरुस्ती लिहितो. काढताना आधी ठोका बंद करायचा, चालू लिखाण संपू द्यायचं, मगच जागा मोकळी करायची. बसवण्याच्या बरोब्बर उलट."

"मग?"

"मी आधी जागा मोकळी केली."

इथली रीतच तशी. बसवण्याची यादी भिंतीवर. काढताना तीच खालून वर वाचायची. घोळ नको म्हणून सुनेत्रानं गेल्या आठवड्यात काढण्याची वेगळी यादी, क्रम उलटा करून, टाइप करून लावली. आणि आज सवयीनं तीही खालून वर वाचली! नको तो शहाणपणा नडला, दुसरं काय.

"अहो, मग आता बंद करा ठोका."

"तो बंद करायला लागणारा त्याचा पत्ता त्याच जागेत होता, डॉक्टर. तिथं आता मेंदू ताज्या आठवणी ठेवतोय, आणि ठोका त्या पुसून वर लिहितोय. तो अंगाच्या उबेवर चालतो. अप्पा आहेत तोवर चालणार."

"आणि चकती पेशींत रुजलीय, ती काढता येत नाही," उपासे हळूच म्हणाले आणि बाहेर गेले.

सुनेत्रा अप्पांच्या पायाशी बसली. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. अप्पा आधी भडकले. मग तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं. शेवटी थरथरता हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.

"चुकतं माणसाचं, बाळ. मी रागावलेलो नाही. पुन्हा हे मनाला लावून घ्यायचं नाही."

सुनेत्रा हमसून हमसून रडली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला मोकळं वाटलं.

अप्पांनी तिच्याकडे नवलानं पाहिलं.

"कधी आलीस गं? आणि रडतेस कशाला?"